सांदीकोपऱ्याची पॉलिश : यंत्र कोणते, पॅड कोणते?



खराडीहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "आमची नदीकडची जमीन गेली. आलेल्या पैशातून घर झाले, मुलीचे लग्न झाले. उरलेली रक्कम बँकेत आहे. धाकटा म्हणतो, मोटारी चकचकीत करण्याचे दुकान काढतो, मशीन घेऊन द्या. दुकानदार एक सांगतो, मोबाईलवर दुसरेच दाखवतात. पैसे घालावेत का? आणि घालायचेच तर मशीन कोणते घ्यावे?"

या सदरात आपण पिके, खते, औषधे यांविषयी बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे, पण प्रश्न आपल्याच घरातला आहे. खराडी १९९७ साली पुणे महापालिकेत आली. शेजारची वाघोली २०२१ साली आली. जिथे मळे होते तिथे आज इऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर उभे आहे, आणि सकाळी नगर रोडवर मोटारींची रांग लागते. त्या मोटारी धुणे, पुसणे, पॉलिश करणे हा धंदा आपली मुले करू पाहत असतील तर त्यात कमीपणा नाही. पण अवजाराची पारख नसताना धंद्यात उतरले तर जमिनीचा उरलेला पैसाही जाईल. म्हणून आज पारखीचेच बोलू. मोटारीच्या मोठ्या सपाट भागाचे काम थोड्या सरावाने जमते. खरी परीक्षा होते ती सांदीकोपऱ्यात. दरवाजाच्या मुठीमागची खोबण, आरशाचा बुडखा, दोन काचांमधले खांब, बंपरची वळणे, धुक्याच्या दिव्याभोवतीची जागा, मागच्या स्पॉयलरखालची फट, नंबरपाटीची चौकट ही ती ठिकाणे. गिऱ्हाईक पैसे देताना नेमके तिथेच बोट ठेवते.

आधी रंगाची जमीन ओळखा

मातीपरीक्षणाशिवाय खत घालू नये, हे मी तुम्हाला अनेकदा सांगितले आहे. इथेही तसेच आहे. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर रंगाचे चार थर असतात. तळाला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. कारखान्यातून आलेल्या मोटारीवर हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनच असतो. माणसाचा केस त्याहून जाड असतो. पॉलिश करणे म्हणजे या थराचा वरचा अंश घासून काढणे आणि ओरखड्यांच्या कडा सपाट करणे. म्हणजे दर पॉलिशला हा थर थोडा झिजतो, आणि झिजलेला थर परत वाढत नाही.

उताराच्या रानात बांधाच्या वरच्या अंगाला माती पातळ असते, नांगराचा फाळ थोडा खोल गेला की मुरूम वर येतो. मोटारीच्या पत्र्याला जिथे धार किंवा घडी असते तिथे रंगाचा थर असाच पातळ असतो, कारण ओला रंग धारेवरून दोन्ही बाजूंना ओघळतो. सांदीकोपऱ्यात अशा धारा जवळजवळ असतात. शिवाय बंपर, आरशाचे कवच, मुठी हे भाग प्लॅस्टिकचे असतात. लोखंडी पत्रा उष्णता पसरवून टाकतो, प्लॅस्टिक ती जागच्या जागी धरून ठेवते. म्हणून पत्र्यावर चालणारा हात बंपरवर चालत नाही, तिथे रंग लवकर भाजतो.

रंगाची जाडी मोजणारे यंत्र मिळते, ते घ्यावे. पण नेहमीचे यंत्र पत्र्यावरच मोजते, प्लॅस्टिकवर नाही. पत्र्यावर आकडा २०० च्या बराच वर गेला तर तो भाग पुन्हा रंगवलेला असण्याचा संभव असतो, आणि फारच वर गेला तर आत लांबी भरलेली असते. जुनी जीप किंवा ट्रॅक्टर आला तर आणखी एक तपासणी करा. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन हाताने चोळा. फडक्याला गाडीचाच रंग लागला तर तिथे क्लिअर कोट नाही, एकेरी रंग आहे. तिथे हात आणखी हलका ठेवावा लागतो.

यंत्रांचे प्रकार

पॉलिशची यंत्रे मुख्यतः दोन जातींची.

पहिली रोटरी. हिची तबकडी एकाच आसाभोवती गरगर फिरते. कापते भराभर, पण उष्णताही तेवढीच करते. एका जागी थांबली की रंग जाळते, आणि शिकाऊ हाताने चालवली की उन्हात चमकणारी गोल वलये मागे ठेवते.

दुसरी ड्युअल ॲक्शन, म्हणजे दुहेरी चालीची. बाजारात तिला डी.ए. म्हणतात. हिची तबकडी फिरते आणि त्याच वेळी झुलतेही. त्या झोक्याचे माप मिलिमीटरमध्ये सांगतात. मोठ्या यंत्रात ८, १५ किंवा २१, लहान यंत्रात १२ किंवा ३. बहुतेक डी.ए. यंत्रांत जास्त दाब दिला किंवा पॅड वाकड्या जागी अडकले की फिरणे थांबते आणि नुसता झोका राहतो. त्यामुळे काम रेंगाळते, पण रंग वाचतो. नवशिक्या मुलासाठी हीच जात बरी.

आता सांदीसाठी काय? मोठी भाजी उपटायला कुदळ आणि वाफ्यातले तण काढायला खुरपे. दोन रोपांच्या मध्ये कोणी कुदळ घालत नाही. मोटारीवरही तीनच खुरपी पुरतात.

१) तीन इंची पॅडचे लहान डी.ए. यंत्र, झोका १२ मिलिमीटरच्या आसपास. खांब, बंपरचे वळण, आरशाचे कवच, दिव्याभोवतीची जागा ही ऐंशी टक्के अडचणीची कामे याने होतात. पहिले लहान यंत्र घ्यायचे तर हेच घ्यावे.

२) एक ते दोन इंची पॅडचे पेन्सिलीसारखे लांब मानेचे यंत्र. यात ३ मिलिमीटरचा झोका असला की ते जवळजवळ हाताने चोळल्यासारखे काम करते आणि धारेजवळ सुरक्षित राहते. इटलीच्या रुपेस आणि जर्मनीच्या फ्लेक्स या कंपन्यांची बॅटरीवरची अशी यंत्रे आहेत. त्यांत ३ मिलिमीटर, १२ मिलिमीटर आणि रोटरी अशी तिन्ही मुंडकी बदलून लावता येतात. कल्पना चांगली आहे, पण किंमत भारी. धंदा सहा महिने चालल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

३) आपला हात. हे यंत्र फुकट आहे आणि फार लोक विसरतात. मुठीमागच्या खोबणीत नखांचे ओरखडे असतात. तिथे दोन बोटांत मावेल असा फोमचा ठोकळा घेऊन, थोडे पॉलिश लावून, चोळत राहावे. अर्धा तास लागतो, पण काही बिघडत नाही.

दोन गोष्टी मात्र करू नका. पहिली, घरातला वेल्डिंगचा ग्राइंडर पॉलिशला वापरू नका. लहान ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. पॉलिशला साधारण ६०० ते २,००० फेरे लागतात. ग्राइंडरला लोकरीचे पॅड बांधून मोटारीला लावले तर एका दमात रंग उडतो आणि खालचा प्रायमर दिसू लागतो. पीक बुडाले तर पुढचा हंगाम असतो. गिऱ्हाइकाच्या गाडीचा रंग गेला तर तो भाग पुन्हा रंगवून द्यावा लागतो, आणि एका भागाच्या रंगकामात चार गाड्यांची कमाई जाते. ते गिऱ्हाईक परत येत नाही आणि आपल्या सोसायटीतल्या दहाजणांना सांगते, ते वेगळेच.

दुसरी, मोठ्या डी.ए. यंत्राला लहान तबकडी लावून पैसे वाचवू नका. झोक्याचा तोल सांभाळायला यंत्राच्या आत एक वजन बसवलेले असते. ते ठराविक मापाच्या तबकडीसाठी बेतलेले असते. लहान तबकडी लावली की यंत्र थरथरते, मनगट बधिर होते, बेअरिंग लवकर जाते. रोटरीचे तसे नाही. तिला लहान तबकडी आणि लांबी वाढवणारी दांडी लावता येते. फक्त आट्याचे माप जुळले पाहिजे. आपल्याकडच्या बऱ्याच रोटरी यंत्रांना १४ मिलिमीटरचा आटा असतो. तबकडी घेताना यंत्र सोबत न्या आणि दुकानातच बसवून पाहा.

वेगाचे गणित

"लहान पॅड, म्हणजे वेग वाढवला तरी चालेल का?" असा प्रश्न येतो. खळ्यावर मळणीची पात आठवा. मेढीजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी फिरतो, कडेच्या बैलाला त्याच वेळात कितीतरी जास्त चालावे लागते. पॅडचेही तसेच. १५० मिलिमीटरचे, म्हणजे सहा इंची पॅड मिनिटाला १,५०० फेरे घेते तेव्हा त्याची कड मिनिटाला सुमारे ७०७ मीटर धावते. ७५ मिलिमीटरचे, म्हणजे तीन इंची पॅड तितकेच फेरे घेताना कडेला सुमारे ३५३ मीटरच धावते. म्हणजे लहान पॅड त्याच वेगाला कमी कापते. म्हणून फेरे थोडे वाढवता येतात.

पण याची दुसरी बाजू विसरू नका. लहान पॅड थोड्याशा जागेवर वारंवार फिरते आणि आपला दाबही त्या थोड्या जागेवर एकवटतो. त्यामुळे ती जागा लवकर तापते. म्हणून वेग वाढवला तर दाब कमी करा, आणि दर काही सेकंदांनी हाताची मागची बाजू रंगाला लावून पाहा. हात ठेववत नसेल तर थांबा. यंत्राचे वजन पुरेसे असते, अंगाचा भार टाकायचा नसतो.

पॅडची निवड

नांगरट, कुळवणी आणि शेवटी फळी, हा क्रम तुम्हाला सांगायला नको. पॅडचे तीन प्रकार तसेच समजा.

लोकर : सर्वांत जास्त कापणारी. खोल ओरखड्यांसाठी. हिच्या तंतूंतून हवा खेळते, म्हणून फोमपेक्षा कमी तापते. पण मागे बारीक रेषा ठेवते, त्यांवर नंतर फोम फिरवावा लागतो. आणि हो, घरच्या घोंगडीचा तुकडा कापून पॅड करू नका. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि भरड असते. थंडीत तिच्यासारखे पांघरूण नाही, पण मोटारीच्या रंगावर ती ओरखडे पाडील.

मायक्रोफायबर : कापण्यात लोकरीच्या जवळपास. डी.ए. यंत्रावर चांगले चालते. मात्र पॉलिशचा गाळ लवकर धरते, म्हणून सारखे झाडावे लागते.

फोम : कठीण, मध्यम आणि मऊ अशा तीन प्रतींत मिळते. सांदीच्या कामात नव्वद टक्के वेळा फोमच लागते. त्यातही मध्यमपासून सुरुवात करा.

फोमच्या रंगावर जाऊ नका. एका कंपनीचे पिवळे मऊ असते, दुसरीचे पिवळे कठीण. रंगाचा कोणताही ठरलेला नियम नाही. पाकिटावरचे वाचा आणि अंगठ्याने दाबून पाहा.

आता मापाच्या चार गोष्टी.

पॅड तबकडीपेक्षा मोठे हवे. दोन इंची तबकडीवर तीन इंची पॅड बसले तर चहूबाजूंनी मऊ कड राहते. यंत्र थोडे वाकडे झाले तरी तबकडीची टणक धार रंगाला लागत नाही. सांदीत यंत्र वाकडे होणारच, म्हणून ही मऊ कड म्हणजे तुमचा विमा आहे.

वळणावर जाड फोम घ्या, ते वळणाप्रमाणे दबते. अरुंद फटीत पातळ घ्या, ते आत शिरते.

पॅडला मध्ये भोक असेल तर उत्तम. उष्णता आणि पॉलिशचा गाळ मध्येच साठतो.

पॅड पुरेशी घ्या. तीन इंची पॅडचे क्षेत्र सहा इंचीच्या चौथाईच असते. म्हणून ते तितक्याच कामात चौपट लवकर भरते. एका मोटारीच्या सांदीकामाला पाच-सहा लहान पॅड हाताशी असावीत. एकच पॅड भरलेल्या अवस्थेत रेटत राहिले तर ते पॉलिश करत नाही, चिखल फासते.

काम संपल्यावर पॅड कोमट पाण्यात साबणाने धुऊन सावलीत वाळवा. वाळलेले पॉलिश दगडासारखे होते आणि पुढच्या गाडीवर ओरखडे पाडते. जमिनीवर पडलेले पॅड न धुता गाडीला लावू नका. खराडीत बांधकामे सारखी चालू आहेत, तिथल्या धुळीत वाळूचे कण असतात.

कामाची पद्धत

१) गाडी सावलीत घ्या. वैशाखाच्या दुपारी तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच वाळते.

२) आधी सांदीतली धूळ पाण्याने आणि मऊ ब्रशने काढा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर ते क्षारांचे असतात. त्यांवर आधी पातळ व्हिनेगर लावून धुऊन पाहा. नुसत्या धुण्याने जाणाऱ्या डागासाठी क्लिअर कोट झिजवू नये.

३) काळे प्लॅस्टिक, रबरी पट्ट्या, कंपनीचे चिन्ह आणि सगळ्या धारा यांवर मास्किंग टेप लावा. खरबरीत काळ्या प्लॅस्टिकवर पॉलिश उडाले की पांढरे डाग पडतात आणि निघता निघत नाहीत. टेपला दहा मिनिटे जातात, डाग काढायला तास जातो.

४) नजरेआड एक वीतभर जागा निवडून सर्वांत मऊ पॅड आणि सौम्य पॉलिशने सुरुवात करा. काम झाले नाही तरच पुढच्या प्रतीकडे जा. औषधाची मात्रा आपण कमीपासून वाढवत नेतो, तसेच.

५) पॅडवर वाटाण्याएवढे दोन-तीन थेंबच पॉलिश घ्या. यंत्र रंगाला टेकवून मग चालू करा, आणि बंद करून, फिरणे थांबल्यावर उचला. नाहीतर पॉलिश सगळीकडे उडते.

६) धारेवर आडवे जाऊ नका. धारेपर्यंत या, थांबा, दुसऱ्या बाजूने पुन्हा धारेपर्यंत या.

७) पुसून, विजेरीचा उजेड तिरपा टाकून पाहा. ट्यूबलाइटखाली सगळेच चांगले दिसते.

काही जागा पॉलिशला वर्ज्य समजा. मॅट रंगाची गाडी पॉलिश केली की तिच्यावर चकाकणारे डाग पडतात आणि ते परत जात नाहीत. खांबांवरचे काळे चकचकीत प्लॅस्टिक फार नाजूक असते, तिथे मऊ फोमच वापरा. पुढच्या दिव्यांच्या काचा खरे पाहता पॉलिकार्बोनेटच्या असतात. त्यांच्यावर उन्हापासून वाचवणारा लेप असतो. तो घासला गेला तर नवा लेप द्यावा लागतो, नाहीतर काही महिन्यांत दिवे पुन्हा पिवळे पडतात. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

आणि जिवाची काळजी. फिरत्या यंत्राजवळ गळ्यात उपरणे, ढगळ बाही, मोकळे केस नकोत. वायर खांद्यावरून पाठीमागे घ्या. ओल्या फरशीवर काम असते, म्हणून अर्थिंग आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे स्विच बसवून घ्या. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क लावा.

पैशाचा हिशेब

आता भगिनींच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. पैसे घालावेत का? माझे म्हणणे असे की एकदम घालू नयेत. मुलाने आधी चालू दुकानात तीन महिने पगारावर किंवा बिनपगारी काम करावे. गिऱ्हाईक, पाणी, वीज, भाडे हे सगळे दुसऱ्याच्या खर्चाने कळते. मग पहिल्या टप्प्यात एक मोठे डी.ए. यंत्र, एक तीन इंची डी.ए. आणि भरपूर पॅड, एवढेच घ्यावे. रोटरी आणि पेन्सिल यंत्र कमाईतून घ्यावे. यंत्र घेताना पक्के बिल, वॉरंटी आणि कार्बन ब्रश, तबकडी, बॅटरी हे सुटे भाग पुण्यात मिळतात का, हे पाहावे. सुटा भाग मिळत नसेल तर स्वस्त यंत्रही महागच पडते.

कर्जाचा हिशेब कागदावर मांडा. समजा दीड लाख रुपये कर्ज घेतले आणि तीन वर्षांत फेडायचे आहे. तर महिन्याला ४,१६७ रुपये नुसते मुद्दल, वर व्याज, वर गाळ्याचे भाडे. यासाठी महिन्याला किती गाड्या याव्या लागतील, तो आकडा मुलाने स्वतः लिहून आईवडिलांपुढे ठेवावा. आकडा लिहिता येत नसेल तर अजून वेळ आलेली नाही असे समजावे.

जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करावी. २०२२ च्या नियमांत सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प धरला होता. सर्वसाधारण गटाला शहरी भागात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान होते, महिलांसह विशेष गटांना दोन्हीकडे १० टक्के जास्त. म्हणजे गाळा महापालिका हद्दीत की ग्रामीण भागात, आणि अर्ज मुलाच्या नावाने की आईच्या, यावर अनुदान बदलू शकते. योजनांचे नियम बदलत असतात, म्हणून आजचा नियम तिथेच विचारून घ्या, आणि कर्ज मंजूर होण्यापूर्वी यंत्राची खरेदी करू नका.

शेवटी एक सोपा उपाय सांगतो. भंगारवाल्याकडून एखाद्या मोटारीचा जुना दरवाजा आणि एक बंपर विकत आणा. महिनाभर मुलाने रोज त्यांवरच सराव करावा, आणि एकदा मुद्दाम एका धारेवरचा रंग जाईपर्यंत यंत्र धरून पाहावे. किती सेकंद लागले ते मनात मोजावे. तो आकडा एकदा हातात बसला की गिऱ्हाइकाच्या गाडीवर हात आपोआप वेळेवर उचलला जातो.

पुढच्या अंकात ट्रॅक्टर आणि फवारणी पंप पावसाळ्यापूर्वी गंजापासून कसे वाचवावेत, ते पाहू. तुमचे प्रश्न पोस्टकार्डावर, सुवाच्य अक्षरात पाठवा.